फ्रीमेसन, बनै ब्रिथ आणि ज्यू धर्म : गुप्त शपथेला रब्बींची हरकत नव्हती का?

मधुरा_वाचते (प्रश्न)

सध्या फ्रॉइडचं चरित्र वाचते आहे आणि एका उल्लेखापाशी अडकले आहे. १८९७ च्या सप्टेंबरात तो व्हिएन्नातल्या 'बनै ब्रिथ' या ज्यू बंधुसंघाचा सभासद झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्वप्नांवरचे आपले विचार त्याने याच संघाच्या बैठकीत मांडले, म्हणजे पुस्तक यायच्या बरंच आधी. धर्म न मानणारा, कर्मकांडाकडे आजार म्हणून बघणारा हा माणूस एका 'लॉज'मध्ये, म्हणजे अशा संघाच्या शाखेत, का जाऊन बसला असेल?

तिथून प्रश्न वाढत गेला. अशा संघांविषयी कॅथलिक चर्चची भूमिका लगेच सापडते. पोप बारावे क्लेमंट यांनी १७३८ मध्ये फ्रीमेसन (गुप्त विधी असलेल्या एका बंधुसंघाचा सभासद) होणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा सांगितली आणि १८८४ मध्ये तेरावे लिओ यांनी तीच भूमिका आणखी कडक केली. ज्यू धर्मात याच्या तोडीचं काहीच कसं सापडत नाही? उलट मोझेस माँटेफिओरे यांच्यासारखे, पुढच्या आयुष्यात शब्बात (शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा पवित्र दिवस) अगदी काटेकोरपणे पाळणारे गृहस्थ फ्रीमेसन होते असं दिसतं. शपथ, परवलीचे शब्द, बंद दारामागचे विधी, हे सगळं तोराला, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राला, चालतं? की रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, दुर्लक्ष केलं? कुणी यावर वाचलं असेल तर सविस्तर लिहा. मला 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर समाधान नकोय.

---

दप्तरखाना

प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन ज्यू मध्यमवर्गावर मी अनेक वर्षं वाचतो आहे आणि त्या वाचनात हे लॉज पदोपदी भेटतात. त्यामुळे उत्तर लांबेल.

ज्यू धर्मात पोप नाही. सगळ्यांवर बंधनकारक असा हुकूम काढणारं एक पीठच नाही, तर बंदीचा कागद येणार कुठून? एखाद्या रब्बीने मत दिलं तर ते त्याच्या समाजापुरतं, फार तर त्याचा शब्द मानणाऱ्या गावांपुरतं. पण बंदी नव्हती म्हणजे हरकत नव्हती असं मात्र नाही.

सर्वात खरी हरकत शपथेला होती. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या धर्मचर्चांच्या संग्रहात, नवस आणि व्रतांवर 'नदारिम' नावाचा अख्खा ग्रंथ आहे. त्यात रब्बी नातान म्हणतात, नवस बोलणारा जणू मंदिर सोडून स्वतःची वेगळी वेदी उभारतो. त्याच ग्रंथात असंही आहे की प्रत्येक ज्यू सिनाय पर्वतापासून, म्हणजे देवाने धर्मनियम दिले तेव्हापासून, आधीच शपथबद्ध आहे. ही दोन वाक्यं लहानपणापासून शिकलेल्या माणसाला 'आमच्या खुणा बाहेर फोडणार नाही' अशी शपथ घ्यायला सांगितल्यावर त्याला काय वाटत असेल, याचा विचार करा. योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, संध्याकाळी कोल निद्रेने (नवस रद्द करण्याच्या घोषणेने) सुरुवात करणारा, नववर्षाआधी तीन जणांसमोर बसून आपले नवस सोडवून घेणारा हा समाज आहे. तोंडातून गेलेल्या शब्दाची त्याला धास्ती आहे. शपथ घेऊच नये, हा तिथला जुना सल्ला.

दुसरी अडचण रोजच्या व्यवहारातली. बैठक शुक्रवारी रात्री असली तर काय करायचं? जेवण कोशेर, म्हणजे धर्मनियमांत बसणारं, नसलं तर? प्रार्थना येशूच्या नावाने झाली तर? यावर इंग्लंडमध्ये तोडगे निघाले, प्रशियात (बर्लिन ही राजधानी असलेल्या जर्मन राज्यात) निघाले नाहीत, आणि खरा इतिहास या फरकात आहे.

इंग्लिश फ्रीमेसनांच्या १७२३ च्या नियमावलीत सभासदावर एवढंच बंधन होतं की ज्यात सर्व माणसांचं एकमत आहे तो धर्म पाळावा आणि बाकीची मतं स्वतःपाशी ठेवावीत. ज्यू माणसाला आत शिरायला ही फट पुरेशी होती. १७३० च्या दशकापासून लंडनच्या लॉजमध्ये ज्यू दिसू लागतात. १७५६ मध्ये लॉरेन्स डर्मॉट याने आपल्या शाखेची नियमावली छापली, तिला हिब्रू वळणाचं नाव दिलं आणि आत ज्यू मेसनांसाठी वेगळी प्रार्थना घातली. त्या शाखेच्या बोधचिन्हातले सिंह, बैल, मनुष्य आणि गरुड डर्मॉटने अॅमस्टरडॅमच्या याकोब येहुदा लेओन या ज्यू पंडिताकडून उचलले होते. लेओन यांनी सॉलोमनच्या मंदिराची लाकडी प्रतिकृती केली होती, ती इतकी गाजली की लोक त्यांना 'टेम्प्लो' म्हणू लागले. १७९३ मध्ये तर लंडनमध्ये 'लॉज ऑफ इस्रायल' उभं राहिलं. १८१३ पासून तीस वर्षं ग्रँड मास्टर, म्हणजे तिथल्या सगळ्या लॉजचा प्रमुख, असलेला ड्यूक ऑफ ससेक्स स्वतः हिब्रू शिकलेला होता.

अमेरिकेत हे आणखी स्वाभाविकपणे घडलं. १७९० मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन न्यूपोर्टला आला तेव्हा तिथल्या ज्यू समाजातर्फे त्याला मानपत्र देणारा मोझेस सेशस हाच त्याच भेटीत किंग डेव्हिड लॉजच्या मानपत्रावरही सही करणारा. सिनेगॉगचा (ज्यू प्रार्थनागृहाचा) कारभारी आणि लॉजचा प्रमुख एकच माणूस, आणि यात कुणाला विसंगती दिसली नाही. बोस्टनमध्ये मोझेस मायकेल हेझ ग्रँड मास्टर होता तेव्हा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात गाजलेला पॉल रेव्हिअर त्याच्या हाताखाली उपप्रमुख होता. चार्ल्सटनला १८०१ मध्ये स्कॉटिश राइटची (मेसनांच्या वरच्या पदव्यांच्या शाखेची) सर्वोच्च परिषद स्थापणाऱ्या अकरा जणांत चार ज्यू होते.

आता प्रशिया. बर्लिनच्या तिन्ही ग्रँड लॉजनी, म्हणजे लॉजच्या मध्यवर्ती संस्थांनी, फ्रीमेसनरी हा ख्रिस्ती बंधुसंघ आहे असं ठरवून टाकलं होतं. शपथ योहानाच्या शुभवर्तमानावर घ्यायची. ज्यूला सभासदत्व नाहीच, शिवाय लंडनचं प्रमाणपत्र घेऊन आलेल्या ज्यू मेसनालाही दारातून परत पाठवायचे. १८४० च्या दशकात यावरून लंडन आणि बर्लिनमध्ये चांगलाच बेबनाव झाला. तिघांपैकी एक, रॉयल यॉर्क, १८७० च्या दशकात बदललं. बाकीची दोन हटली नाहीत.

फ्रँकफुर्टची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. फ्रेंच अंमलात, १८०७-०८ च्या सुमारास, तिथे 'उगवती पहाट' नावाचं लॉज पॅरिसच्या सनदेवर निघालं. सभासद मुख्यतः ज्यू. लुडविग ब्यॉर्ने हा लेखक त्यातलाच, पुढे गाब्रिएल रीसर हा ज्यूंच्या नागरी हक्कांसाठी लढणारा वकीलही. फ्रेंच गेले आणि जर्मन लॉजनी यांच्याकडे पाठ फिरवली. मग यांनी १८१७ मध्ये ससेक्सच्या मदतीने लंडनची सनद मिळवली. ज्या शहरात काही वर्षांपूर्वीपर्यंत ज्यूंना एका कोंदट गल्लीबाहेर राहायची परवानगी नव्हती, त्या शहरातले हे लोक. नागरिकत्वाचा हक्क अजून धड मिळालेला नाही, ख्रिस्ती व्यापारी दिवसा व्यवहार करतो पण संध्याकाळी घरी बोलावत नाही. अशा वेळी एका टेबलाभोवती बरोबरीने बसता येणं, 'बंधू' म्हणून हाक ऐकू येणं याची किंमत त्यांच्या लेखी फार मोठी होती. तिच्यापुढे शपथेची जुनी धास्ती मागे पडली.

म्हणून माझं मत असं : 'हे तोराला चालतं का?' हा प्रश्न विचारला जात होता, पण ज्यूंच्या आयुष्यात त्याहून मोठा प्रश्न 'आपल्याला आत घेतात का?' हा होता. जिथे दार उघडं होतं तिथे रब्बीही आत गेले. जिथे बंद होतं तिथे लोकांनी आपलं दार बांधलं. बनै ब्रिथ हे असं बांधलेलं दार आहे.

१३ ऑक्टोबर १८४३ रोजी न्यूयॉर्कच्या एसेक्स स्ट्रीटवर सिन्सहाइमर यांच्या कॅफेत बारा जर्मन ज्यू जमले. हेन्री जोन्स हा त्यांचा पुढारी. यातल्या काहींना मेसन आणि ऑड फेलो संघांची आतून माहिती होती, त्यामुळे पदव्या, परवली, झगे असा सगळा साचा त्यांनी तिथून घेतला. पण तेव्हा न्यूयॉर्कमधले ज्यू सिनेगॉगवरून भांडत होते. बव्हेरियाचे वेगळे, पोलंडचे वेगळे, प्रार्थनेची चाल कोणती यावरून फाटाफूट. म्हणून या बारा जणांनी धर्ममतांचा वाद संघाबाहेर ठेवला. इथे आस्तिक, नास्तिक, सुधारक, सनातनी कुणीही यावं. मधुराताई, तुमच्या फ्रॉइडचं उत्तर बरंचसं इथे आहे. व्हिएन्नाच्या वैद्यकवर्तुळात तो एकटा पडला होता, त्यात शहराची सूत्रं नुकतीच कार्ल लुएगर या उघड ज्यूद्वेष्ट्या महापौराच्या हाती गेली होती. सत्तराव्या वाढदिवसाला, १९२६ मध्ये, लॉजला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितलंय की त्या एकाकी दिवसांत त्याला समजून घेणाऱ्या उमद्या माणसांचा सहवास हवा होता. श्रद्धा त्याच्याकडे कुणी मागितलीच नाही.

---

सुनेत्रा_ज

दप्तरखाना यांनी प्रतिष्ठेची बाजू फार छान उलगडली आहे, पण पैशाची बाजू राहिली आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मी स्थलांतरित कामगारांच्या परस्पर-मदत मंडळांचा अभ्यास केला आहे.

बनै ब्रिथचं पहिलं ठोस काम काय? सभासद वारला तर विधवेला दफनखर्चासाठी ३० डॉलर आणि पुढे आठवड्याला एक डॉलर. मुलांनाही काही रक्कम, आणि मुलगा असेल तर त्याला कसब शिकवायची हमी. तेव्हा सरकारी विमा नव्हता, खासगी विमा शिंप्याला परवडत नव्हता. नंतरच्या काळात पूर्व युरोपातून लाखो ज्यू न्यूयॉर्कला आले तेव्हा एकेका गावाच्या नावाने मंडळं निघाली. वर्गणी भरली की मंडळाचा डॉक्टर, आजारपणात भत्ता, दफनभूमीत जागा, आणि शोकाचे सात दिवस घरी बसावं लागलं तर बुडालेल्या मजुरीपोटी रक्कम. हा शेवटचा भत्ता मला विलक्षण वाटतो. धर्म सांगतो सात दिवस घराबाहेर पडू नकोस, कारखाना सांगतो आला नाहीस तर पगार नाही, आणि या दोघांच्या मध्ये मंडळ उभं राहतं. 'इंडिपेंडंट ऑर्डर ब्रिथ अब्राहम' १८८७ मध्ये निघाली आणि ऐन बहरात तिचे सभासद दोन लाखांवर गेले. एवढी माणसं केवळ परवलीच्या शब्दाच्या ओढीने येत नाहीत.

आणि बायका! १८४६ मध्ये, म्हणजे बनै ब्रिथनंतर तीनच वर्षांनी, न्यूयॉर्कच्या इमानुएल सिनेगॉगशी संबंधित स्त्रियांनी हेन्रिएट ब्रुकमन यांच्या पुढाकाराने 'खऱ्या भगिनींचा संघ' काढला. त्यांचेही गुप्त विधी होते, आणि चार पायऱ्या मिरियम, रूथ, एस्तेर आणि हन्ना यांच्या नावाने. सिनेगॉगमध्ये ज्यांना सज्जात वेगळं बसवलं जायचं, त्या स्त्रिया इथे अध्यक्षपदावर बसून कारभार करत होत्या, हिशेब ठेवत होत्या. लॉज म्हटलं की सगळे पुरुषांचीच चित्रं काढतात, त्याचं मला वाईट वाटतं.

एक भर. हा साचा बाहेरून आला हे खरं, पण बंधुसंघ ज्यूंना नवा नव्हता. 'हेव्रा कादिशा', म्हणजे मृतांना स्नान घालणारं, कफन चढवणारं, दफन करणारं मंडळ, प्रत्येक समाजात असायचं. प्रागचं मंडळ १५६४ चं आहे. प्रवेशाचे नियम, नोंदवही, आदार महिन्याच्या सप्तमीला उपास आणि मग सगळ्यांचं एकत्र जेवण. प्रागच्या ज्यू संग्रहालयात त्यांच्या कामाची अठराव्या शतकातली चित्रमालिका आहे, आजाऱ्याच्या खाटेपासून कबरीपर्यंत. फरक इतकाच की त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

---

अनिकेत_प

दोन्ही प्रतिसाद आवडले. पण मला वाटतं की रब्बींची भीती शपथेपेक्षा 'गुप्तते'चीच असणार. स्वतःला मसीहा म्हणवणाऱ्या शब्ताई झ्वीने १६६६ मध्ये धर्मांतर केल्यावरही त्याचे अनुयायी छुपेपणाने टिकून राहिले होते ना?

---

दप्तरखाना

अनिकेत, अगदी नेमका मुद्दा काढलात. अठराव्या शतकातल्या रब्बीला 'बंद खोलीतले विधी' म्हटल्यावर फ्रीमेसन आठवायच्या आधी शब्ताईपंथी आठवत असणार. याकोब एम्डेन यांनी तर १७५१ पासून योनातान आयबेशुत्झ या मातब्बर रब्बीवरच छुप्या शब्ताईपंथाचा आरोप ठेवला आणि जर्मनीपासून पोलंडपर्यंतचे समाज दुभंगले. मग १७५९ मध्ये याच पंथातून पुढे आलेला याकोब फ्रांक आणि त्याच्या अनुयायांचा बाप्तिस्मा झाला. घाव ताजा होता.

आणि हे दोन प्रवाह एकदा खरोखर एकत्र आले. १७८० च्या दशकात व्हिएन्नात 'आशियाई बंधू' नावाचा संघ निघाला. ख्रिस्ती आणि ज्यू दोघांना प्रवेश, विधींमध्ये कब्बालाची, म्हणजे ज्यू गूढविद्येची, रेलचेल. त्याचा एक कर्ता होता थॉमस फॉन श्योनफेल्ड. मूळ नाव मोझेस डोब्रुश्का, मोराव्हियाचा ज्यू, फ्रांकचा नातलग, नंतर कॅथलिक झालेला. पुढे तो क्रांतीच्या पॅरिसमध्ये जुनियस फ्राय या नावाने वावरला आणि १७९४ मध्ये क्रांतिनेता दांतों याच्याबरोबर गिलोटिनखाली गेला. असा माणूस ज्या संघाच्या मुळाशी आहे त्याच्यापासून एखाद्या रब्बीने आपल्या तरुणांना चार हात लांब ठेवलं, तर ते मला जुनाट हट्ट वाटत नाही. त्याने आपली माणसं जाताना पाहिली होती.

---

मधुरा_वाचते

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! मनापासून आभार. पण आता एक गोष्ट टाळता येत नाही. 'ज्यू आणि फ्रीमेसन मिळून जग चालवतात' हे आजही पसरवलं जातं. माझ्या ओळखीतल्या सुशिक्षित माणसांनी ते मला पाठवलेलं आहे. आत इतके ज्यू होते हे वाचून तेच लोक म्हणतील, 'बघा, आम्ही सांगत होतो.' त्यांना काय सांगायचं?

---

दप्तरखाना

त्यांना आधी कालक्रम सांगा. फ्रेंच क्रांती मेसनांनी घडवली असा आरोप आबे बार्युएल या फ्रेंच पाद्र्याने १७९७ मध्ये केला, त्या मांडणीत ज्यूंना जवळपास स्थानच नव्हतं. १८०६ मध्ये त्याला सिमोनिनी नावाच्या एका इटालियन लष्करी अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र आलं आणि त्यात ज्यू सूत्रधार असल्याचं घुसडलेलं होतं. या पत्राला मोठी साथ मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ज्यूंना नागरी हक्क मिळू लागल्यावर. म्हणजे जर्मनीत ज्यू मेसन आपल्याच 'बंधूं'च्या दारातून परत पाठवले जात होते त्याच शतकात, ते दार त्यांच्याच मालकीचं आहे असं लिहिलं जात होतं. ही गोष्ट वाचताना मला अजून राग येतो.

पुरावा म्हणून काय दाखवलं जायचं? पॅरिसचे अडॉल्फ क्रेमिअ ज्यूंच्या हक्कांसाठी झटणाऱ्या 'आलिआंस'चे अध्यक्ष होते आणि फ्रान्सच्या स्कॉटिश राइटचे प्रमुखही, हे एक आवडतं उदाहरण. एक माणूस दोन उघड पदांवर, नाव छापलेलं, म्हणजे कट! दुसरं, सिनसिनाटीचे सुधारक रब्बी आयझॅक मेयर वाइज यांनी १८५५ मध्ये आपल्या वृत्तपत्रात लिहिलं की फ्रीमेसनरी मुळापासून ज्यू आहे. ते स्वतः मेसन होते आणि हे अभिमानाने लिहिलेलं होतं. इतिहास म्हणून ते टिकत नाही. सॉलोमनचं मंदिर, त्याचे याखीन आणि बोआझ हे खांब बायबलमधले खरे, पण कारागीर हिरामच्या खुनाची जी कथा मेसनांच्या विधीत केंद्रस्थानी आहे ती हिब्रू बायबलमध्ये नाहीच. ब्रिटनमधल्या ख्रिस्ती लोकांनी जुन्या करारातून उचललेल्या सामानावर तो डोलारा उभा आहे. तरी वाइज यांचं वाक्य ज्यूद्वेष्ट्यांच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं फिरतं आहे.

'प्रोटोकॉल्स' हे ज्यूंच्या जागतिक कटाचा पुरावा म्हणून खपवलेले बनावट कागद १९०३ मध्ये रशियात छापले गेले, त्यातही ज्यू आणि मेसन यांची सांगड आहे. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने परिच्छेद शेजारी शेजारी छापून दाखवलं की तो मजकूर १८६४ च्या, तिसऱ्या नेपोलियनवर टीका करणाऱ्या एका फ्रेंच पुस्तकातून चोरलेला आहे. त्या मूळ पुस्तकात ज्यूंच्या कटाचा विषयच नाही. हे ओळखीतल्या लोकांना जरूर सांगा. यापुढे वाद घालायची गरज पडू नये.

आणि शेवट काय झाला तेही सांगा. १९३३ मध्ये हिटलर आल्यावर बर्लिनच्या जुन्या लॉजपैकी एकाने 'मेसन' हा शब्दच टाकून स्वतःला जर्मन-ख्रिस्ती संघ म्हणवून घेतलं. आमच्यात ज्यू कधीच नव्हते, ही त्यांची जमेची बाजू होती. १९३५ मध्ये त्यांनाही टाळं लागलं. जर्मनीतल्या बनै ब्रिथचे प्रमुख रब्बी लेओ बेक होते. एप्रिल १९३७ मध्ये तो संघ बरखास्त झाला, इमारती आणि निधी जप्त झाले. त्यात सुनेत्राताई म्हणतात तसली मदतीची कामंही गेली. १९४१ च्या ऑक्टोबरात जर्मनव्याप्त बेलग्रेडमध्ये मेसनविरोधी प्रदर्शन भरवलं गेलं. त्याचा खरा रोख ज्यूंवर होता. त्यासाठी टपाल तिकिटंसुद्धा काढली. त्या वेळी सर्बियातल्या ज्यू पुरुषांना गोळ्या घालणं चालू होतं.

---

अनिकेत_प

आणि आजची स्थिती? इस्रायलमध्ये लॉज आहेत का?

---

दप्तरखाना

आहेत. तिथली ग्रँड लॉज १९५३ ची. पहिले ग्रँड मास्टर शब्ताई लेव्ही, हैफाचे माजी महापौर. बैठकीत हिब्रू बायबल, नवा करार आणि कुराण असे तिन्ही ग्रंथ ठेवतात, ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर शपथ घ्यायची. काही लॉज हिब्रूत चालतात, काही अरबीत. सनातनी रब्बी आजही शपथेचा आणि परक्या विधींचा मुद्दा काढतातच, त्यात खंड नाही. बनै ब्रिथने मात्र परवली आणि झगे केव्हाच सोडले.

मधुराताई, जेरुसलेममध्ये बनै ब्रिथचं लॉज १८८८ मध्ये निघालं तेव्हा त्याचं कामकाज हिब्रूत ठेवलं गेलं आणि हिब्रूला पुन्हा बोलीभाषा करण्यासाठी झटणारे एलिएझर बेन-येहुदा त्याचे चिटणीस होते. हिब्रू अजून घरोघरी बोलली जाणारी भाषा झाली नव्हती, तेव्हाचे हे इतिवृत्त. तो धागा वेगळा काढलात तर मी लिहीन.